यंदा वणवा लावाल, तर विझवायलाही तुम्हीच यायचं

हा इशारा आहे. निवेदनं देऊन झाली, त्यांच्या पोचपावत्या फाईलला लागल्या. खोऱ्यातल्या प्रत्येक वाडीला, वाडीतल्या प्रत्येक खातेदाराला, मुंबईत राहून इथला सातबारा सांभाळणाऱ्या चाकरमान्यांना, सड्यावर प्लॉट पाडून तंबू ठोकणाऱ्या पर्यटनवाल्यांना, ग्रामपंचायतीला आणि ज्यांच्या टेबलावर आमचे अर्ज पडून आहेत त्या कार्यालयांना तो आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत खाली लिहिलेली कामं झाली नाहीत, तर यंदाच्या हंगामात आमचं स्वयंसेवकांचं वणवा दल डोंगर चढणार नाही. माणूस अडकला असेल, गोठ्यात जनावर बांधलेलं असेल, घराला झळ लागत असेल, तिथे आम्ही येऊ. बागेसाठी, गवतासाठी, कुंपणासाठी येणार नाही.

कडू वाटेल. वाटू दे.

खोऱ्याला एक सवय लागली आहे. डोंगरावर धूर दिसला की लोक अंगणात येतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात, गावाच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘पोरांना कळवा.’ पोरं म्हणजे आम्ही. आमच्यातला कुणी रिक्षा चालवतो, कुणी बागेत फवारणीला जातो, कुणी कॉलेजात आहे, एकीचं शिलाई मशीन अर्ध्या ब्लाउजवर तसंच थांबतं. पोरं धावतात, ओले टहाळे तोडतात, झोडपत झोडपत काळी होतात आणि रात्री उशिरा खाली उतरतात. दुसऱ्या दिवशी कुणी पाठ थोपटतं, एखादं मंडळ नारळ देऊन सत्कार करतं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या डोंगराला पुन्हा काडी लागते. आता तर काडी ओढणारा निर्धास्त झाला आहे, कारण विझवणारी पोरं गावात आहेत हे त्याला ठाऊक आहे. आमचं दल असल्यामुळे वणवे कमी व्हायला हवे होते. ते लावणं सोपं झालं. हे आम्हाला उशिरा कळलं, पण आता कळलं आहे, आणि म्हणूनच ही भाषा.

आधी एका भाकडकथेचा निकाल लावू. बांबूवर बांबू घासला, दगडावर दगड पडला आणि रान पेटलं, असं अजूनही जाणती माणसं सांगतात. आपल्या कोरड्या हंगामात आपल्या डोंगरांना लागणारी आग जवळपास सगळी माणसाच्या हातची असते. पुढच्या वर्षी गवत जोमानं येईल म्हणून कुणी लावतो. डुकराच्या मागावर गेलेला रान मोकळं करायला लावतो. मधाचं पोळं काढायला पेटवलेला पलिता कुणी तिथेच टाकून येतो. विडीचं थोटूक आहे, तंबूवाल्यांची शेकोटी आहे. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, आपली बाग वाचावी म्हणून भर मार्चमध्ये जाळरेषा काढायला बसलेल्या बागायतदाराच्या हातून सुटलेली आगही आहे. विदर्भात मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून रान पेटवतात. उपग्रहावरून दिसणाऱ्या आगींच्या यादीत गडचिरोलीचं नाव वर्षानुवर्षं वर असतं. तिथे निदान पोटाचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या अर्ध्या वणव्यांना तेवढंही कारण सापडत नाही.

गवत जाळलं की चांगलं येतं, या समजुतीबद्दल एवढंच सांगतो. काडी लावल्यानंतर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं, कारण वरचं वाळलेलं झाकण गेलेलं असतं. पण त्याच उघड्या उतारावर वळवाचा पहिला पाऊस कोसळतो तेव्हा राख आणि तिच्याखालची माती पऱ्यातून खाली जाते. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर रोपटं झाड होण्याइतकं जगत नाही. टिटवी, लावा, चंडोल यांची घरटी जमिनीवर असतात आणि विणीचे दिवस याच हंगामात येतात. घोरपड आणि खवल्या मांजर धावून आगीपुढे निघू शकत नाहीत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, शाळेत पोरांना भाषण करायला लावता तेव्हा तुम्हीच ते लिहून देता.

आता आमच्या अंगाशी येणारी गोष्ट.

सह्याद्रीच्या पायथ्याची आग सपाटीच्या आगीसारखी वागत नाही. ज्वाळा वर झुकतात, वरचं गवत आधीच तापवून ठेवतात, म्हणून आग चढावर धावते. जगभरचे वणवा विझवणारे एक ढोबळ हिशेब धरतात: चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. म्हणजे तीस अंशांच्या उतारावर तीच आग सपाटीच्या आठपट वेगानं येते. आपल्या खोऱ्यात तीस अंशांचा उतार म्हणजे गुरं चरायला जातात ती साधी बाजू. त्यात वारा. सकाळी मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे हलका वाहत असतो, आग शहाण्यासारखी वागते. दुपार कलायला लागली की खारा वारा फिरतो आणि तीच आग उचलून चढावर ढकलतो. घळीत तर विचारूच नका. घळ धुराड्यासारखी ओढते. आणि ‘पोरांना कळवा’ हा मेसेज येतो नेमका दुपारी दोन-अडीचला, कारण जेवणं झालेली असतात आणि तेव्हाच कुणाला तरी बांध साफ करायची हुक्की येते.

ज्यांना वाटतं की दहा-बारा तरणी पोरं आणि निरगुडीच्या फांद्या एवढं पुरे, त्यांनी पुढची उदाहरणं नीट वाचावीत. 5 ऑगस्ट 1949 रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या गवताळ दरीत विमानातून उड्या मारून उतरलेली तुकडी आगीत सापडली. ही शिकवून तयार केलेली, धडधाकट माणसं होती. आग खालून चढावर आली आणि तेरा जण मेले. त्यांच्या मुकादमानं समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेत तो पालथा पडून राहिला, म्हणून वाचला. बाकीच्यांना त्या क्षणी तो वेडा वाटला होता. मार्च 2018मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेल्या पोरांपोरींभोवती वाळलेलं गवत पेटलं. वीसहून अधिक जीव गेले. एप्रिल 2021मध्ये आपल्याच राज्यात, गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात आग विझवायला गेलेले तीन वनमजूर होरपळून मेले. फेब्रुवारी 2020मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात वनखात्याचे तीन कर्मचारी असेच गेले. जून 2024मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आणखी चौघे जागीच गेले. या शेवटच्या तिन्ही ठिकाणी गेलेली पगारावरची, रोजंदारीवरची, जंगल ओळखणारी माणसं होती. आमच्याकडे काय आहे? अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेत मिळालेली पॉलिस्टरची जर्सी, जी तापली की वितळून कातडीला चिकटते. पायात स्लिपर. तोंडाला ओला रुमाल, ज्यानं राख अडते पण आगीतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड अडत नाही.

स्वयंसेवकांची भावना चांगली असते म्हणून मरण त्यांना सवलत देत नाही. 1985च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उघड्या हातांनी ढिगारे उपसले. त्यांनी सुमारे आठशे माणसं जिवंत काढली आणि ते करताना सुमारे शंभर स्वयंसेवक स्वतः मेले, असा हिशेब लॉस एंजेलिसच्या अग्निशमन खात्यानं पुढे मांडला. त्या धड्यातून त्यांनी नागरिकांची शिकवलेली पथकं उभी केली; 1993पासून ती पद्धत अमेरिकाभर नेली गेली. त्या शिकवणीत पहिला धडा असतो कुठे जायचं नाही याचा. आपल्याकडे 2021च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हाही पहिले हात शेजाऱ्यांचेच होते. हात असतात हो. शिकवण नसते, साधन नसतं, आणि काही झालं तर घरच्यांच्या हातात काय पडेल याचा कागद नसतो.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना आहे. 2016ला तीस पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. बारा दिवसांचं प्रशिक्षण, साधनांची पिशवी, विमा, सगळं आहे. पण ती बेतली आहे पूर, दरड, चक्रीवादळ आणि भूकंप यांच्यावर. वणवा त्या चारांत नाही. आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात वणव्याचं पान किती जाड आहे, ते ज्यांनी आराखडा उघडून पाहिला असेल त्यांना विचारा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005चा आहे. त्यातलं कलम 41 स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे तुमच्या आमच्या ग्रामपंचायतीवरही, आपली माणसं शिकवून ठेवण्याची आणि साधनं वापरायच्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी टाकतं. सरपंचताई, हे कलम आम्ही लिहिलेलं नाही. गाव विकास आराखड्यात कमानीला आणि पेव्हर ब्लॉकला ओळ सापडते, तिथे चार फायर ब्लोअर, वीस जोडी बूट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, बॅटऱ्या, शिट्ट्या आणि दलाचा गट अपघात विमा एवढी एक ओळ बसवा. 26 जानेवारीला ठराव हवा आहे. ‘पुढच्या मासिक सभेत ठेवू’ हे उत्तर म्हणून धरलं जाणार नाही.

आता हद्दीचा खेळ. आपल्या जिल्ह्यात सरकारी वन थोडं, बहुतेक डोंगर मालकीचे. त्यामुळे धूर निघाला की एक कार्यालय म्हणतं, आमच्या हद्दीत नाही. दुसरं म्हणतं, खाजगी जागा आहे, मालकाला सांगा. मालक असतो डोंबिवलीला. तोवर आग हद्दीचा दगड ओलांडून गेलेली असते. आम्हाला या वादात निकाल नको आहे. 26 जानेवारीच्या आत वनखातं, महसूल आणि पोलीस यांनी मिळून एक कागद द्यावा: या खोऱ्यात आग लागली तर दिवसा कुणाला फोन, रात्री कुणाला, गाडी कुठून निघेल, घटनास्थळी हुकूम कोणाचा. सही तिघांची. वनखात्याची 1926 ही मदतवाहिनी आहे, ती आम्ही वापरतो आणि वापरत राहू. पण पलीकडून ‘जागा कुणाची?’ हा प्रश्न पहिला येऊ नये. भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004पासून उपग्रहावरून आगीचे इशारे देते. मोबाईल नंबर नोंदवला की कुणालाही मेसेज येतो. प्रत्येक वाडीतल्या एकानं तरी तो नोंदवावा, फुकट आहे. मात्र त्यावर विसंबू नका. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, आणि त्याला दिसेपर्यंत आपली आग अर्धा डोंगर चढलेली असते. टेकाडावर बसलेला एक डोळस माणूस आणि त्याच्या हातातला चालणारा फोन, एवढ्यानं जास्त काम होतं.

ग्रुपवर ‘हेलिकॉप्टर मागवा’ असं लिहिणाऱ्यांसाठी: मार्च 2023मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, आणि तरीही सत्तरीच्या डोंगरांत माणसं दिवसेंदिवस पायी फिरत होती. वरून ओतलेलं पाणी ज्वाळा खाली बसवतं. ओंडक्यात, शेणात, मुळांत धुमसणारा विस्तव माणसालाच उकरून मारावा लागतो. अभयारण्याला हेलिकॉप्टर आलं. तुमच्या काजूला येणार नाही.

बागायतदारांनो, तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमचं नुकसान सगळ्यात मोठं आणि तुमची हयगयही तेवढीच. हापूसचं कलम लावल्यापासून धड उत्पन्न हाती यायला आठ-दहा वर्षं जातात. एवढं घातलेलं असताना बागेभोवतीचं गवत फेब्रुवारीपर्यंत उभं ठेवायचं, मजुरी वाढलीय म्हणायचं, आणि मग पंचनाम्याला तलाठ्याची वाट बघत बसायचं, हा कसला हिशेब? गवत अजून कापता येतं आहे. बागेच्या चारही बाजूंना निदान दहा फूट पट्टी खरवडून काढा, पाला आत ओढून झाडाच्या बुंध्याला न टेकवता कुजवा. कमरेएवढ्या गवतातली दोन फुटांची वाट ही पायवाट आहे, तिला जाळरेषा म्हणून दाखवू नका. वारा असला की ज्वाळा तिच्यावरून पलीकडे वाकते. जाळून पट्टी काढायची असेल तर ती आत्ता, गवत अर्धंओलं असताना, पहाटेच्या दवात, वनाची हद्द जवळ असेल तर खात्याला सांगून, आणि शेजाऱ्याला उभं करून. 26 जानेवारीनंतर कुणी जाळरेषेच्या नावाखाली काडी ओढली, तर आमच्या लेखी तो वणवा लावणाराच.

आणखी एक. तुमच्याकडे फवारणीचे एचटीपी पंप आहेत, दोनशे लिटरचे ड्रम आहेत, लांबलचक पाईप आहेत, पिकअप आहेत. वणवा लागतो त्या दुपारी हे सगळं शेडमध्ये कुलपात असतं आणि आम्ही टहाळ्यांनी झोडपत असतो. यंदा ज्याला दलाची मदत हवी, त्यानं आपला एक पंप फेब्रुवारी ते पावसाळा भरलेल्या ड्रमासह रस्त्याच्या कडेला तयार ठेवायचा आणि चावी वाडीत कुणाकडे आहे ते लिहून द्यायचं. (टाकी आधी स्वच्छ धुवा. औषधाचा अंश राहिलेलं पाणी आगीवर मारलं की त्याची वाफ आमच्याच छातीत जाते.) हे ज्यांना जड वाटतं त्यांची बाग आम्हालाही जड आहे.

भाजावळीबद्दल गैरसमज नको. तरवा भाजायचा नाही असं आम्ही म्हणत नाही. ज्याची भातशेती त्यावर आहे त्याला ऐन वेळी उपदेश करणारे आम्ही कोण? पण ती कधी, कुठे आणि कुणाच्या नजरेखाली, हे यापुढे एकट्यानं ठरवायचं नाही. उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या शीतलाखेत भागातल्या गावांनी मिळून ठरवलं की शेतातला काडीकचरा 31 मार्चच्या आत जाळून संपवायचा, आणि 1 एप्रिल हा दिवस त्यासाठी पाळायला सुरुवात केली. त्या गावांतल्या बाया स्वतः जंगलात उतरून राखण करतात. त्यांची तारीख आपल्याला चालणार नाही. आपली भाजावळ मार्चपासून मेपर्यंत कुणाची कधी, कुणाची कधी. म्हणून वाडीनं आपलं वेळापत्रक करायचं. कुणाचा तरवा कोणत्या दिवशी, हे आधी लिहून चावडीवर. उजाडता उजाडता लावायची आणि ऊन तापायच्या आत राख थंड करून घरी यायचं. सोबत दोन माणसं, पाण्याची भांडी, कडेनं आधी कुदळलेली पट्टी. वाडीतल्या आबांना, काकूंना हे आमच्यापेक्षा चांगलं येतं. पूर्वी असंच करत होते. हल्ली घाई आली आहे आणि माणसं कमी झाली आहेत, ते खरं आहे.

माणसं कमी झाली, म्हणून मुंबईकरांकडे वळतो. दादांनो, शिमग्याला पालखी नाचवायला तुम्ही येता, तेव्हा हंगाम सुरू होऊन गेलेला असतो. तुमच्या बंद घराच्या परड्यात गवत कमरेला लागतं, पडवीत लाकूडफाटा आणि शेणी भिंतीला टेकून रचलेल्या असतात, कौलांवर आणि पन्हळीत आंब्याचा पाला साचलेला असतो. शेजारी राहणाऱ्या म्हातारीच्या घराला आग तुमच्या परड्यातून येते. तुमच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबईत दर महिन्याला सभा होते, भांडणंही होतात. जानेवारीच्या सभेत एवढा एकच विषय घ्या: प्रत्येक बंद घराभोवती मोकळं रिंगण. स्वतः या, नाहीतर गवत कापायची मजुरी पाठवा. पाठवली नाहीत, तर 27 जानेवारीपासून ग्रामपंचायतीनं ते कापून खर्च घरपट्टीच्या थकबाकीबरोबर मागावा असा ठराव आम्ही मांडणार आहोत, आणि तो मंजूर होईल एवढी माणसं सभेला आणणार आहोत. मंडळानं ब्लोअरसाठी वर्गणी काढली तर उत्तम. देणगीदाराच्या नावाची पाटी लावायची हौस असेल तर ती ब्लोअरवर लावू.

सड्यावरच्या तंबूवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद खर्च करायची इच्छा नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम. या काळात उघड्यावर शेकोटी, आकाशकंदील, फटाके, गवतातलं बार्बेक्यू दिसलं की त्याच रात्री पोलिसांना फोन जाईल. पाहुण्यांना कुरंगणीची गोष्ट सांगा. नाही सांगितली तर आम्ही येऊन सांगू.

राहिला गुन्ह्याचा प्रश्न. आजवर आम्ही गप्प राहिलो. कुणी लावली ते बहुतेक वेळा कळत होतं. नात्यातला आहे, भावकीतला आहे, म्हातारा आहे म्हणून नाव घेतलं नाही. ही गप्प बसण्याची पद्धत 26 जानेवारीला संपते. राखीव वनात आग लावणं, किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडणं हा 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26खाली गुन्हा आहे. अभयारण्यात तोच 1972च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 30खाली. मालकीच्या जागेत आहे म्हणून सुटका नाही: आगीबाबतच्या हलगर्जीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 287 आहे, आणि मुद्दाम नुकसान करायला लावलेल्या आगीसाठी कलम 326. वन अधिनियमातल्याच आणखी दोन तरतुदी मात्र फार थोड्यांनी वाचल्या आहेत. राखीव वनात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपज घेण्याचे हक्क हवे तेवढे दिवस थांबवू शकतं. एकानं लावायची आणि सगळ्या वाडीची गुरं उपाशी. आणि कलम 79 सांगतं की ज्याला अशा वनात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क आहे, त्यानं आग दिसताच कुणी सांगायची वाट न बघता ती विझवायला लागायचं आणि खबर द्यायची. म्हणजे अंगणात उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या हक्कदारानं आपलं कर्तव्य मोडलेलं असतं. यंदा आम्हाला असा व्हिडिओ ग्रुपवर दिसला तर तो आम्ही जपून ठेवू. पेटवणारा दिसला तर नाव, वेळ, जागा लिहून सहीनिशी देऊ. तो आमच्या घरातला असला तरी.

आमच्या बाजूनं काय, ते लिहून देतो. फेब्रुवारी लागायच्या आत दलातला प्रत्येक जण शिकलेला असेल. शिकवणारे आम्ही शोधले आहेत, जागा आणि जेवण पंचायतीनं द्यावं. एकजण उंचावर फक्त बघायला, त्याचा दुसऱ्याशी तुटणार नाही असा संपर्क, परत यायची वाट आधी ठरलेली, पळून जाऊन थांबायला जळालेली किंवा उघडी कातळाची जागा पाहून ठेवलेली. या चार गोष्टी नसतील तर पाचवं पाऊल नाही. आगीच्या वरच्या अंगाला, घळीच्या तोंडाशी कुणीही उभं राहणार नाही, कितीही ओरडलात तरी. आग बगलेनं आणि मागून, काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून तोडली जाईल. ज्वाळा चार फुटांच्या वर गेल्या की टहाळे खाली टाकून आम्ही मागे येऊ आणि पुढच्या पट्टीवर थांबू. मागे आलेल्या पोराला ‘भ्याला’ म्हणणाऱ्यानं त्याचा टहाळा उचलून पुढे जावं. अठराच्या आतलं कुणी डोंगरावर येणार नाही. शाळेच्या गणवेशात धावत येणारी मुलं पाहून ज्यांना कौतुक वाटतं, त्यांनी ती आपल्या घरातली आहेत असं समजून बघावं. आग विझल्यावर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत दोघे राखणीला राहतील, कारण विझलेला वाटणारा ओंडका खारा वारा सुटला की पुन्हा डोळे उघडतो. त्या दोघांचं जेवण ज्याची बाग वाचली त्याच्या घरून यायचं, एवढी आमची मजुरी.

गावात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट या सगळ्या अटींच्या बाहेर आहे. आग वाडीच्या दिशेनं वळली तर देवळाच्या भोंग्यावरून तीनदा सांगितलं जाईल. तेव्हा गॅस सिलिंडर बंद करायचा, गोठ्यातली दावी सोडायची, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन शाळेच्या उघड्या मैदानात यायचं. कपाट, टीव्ही, धान्य यासाठी मागे फिरायचं नाही. ही हाक अटी पाळलेल्या आणि न पाळलेल्या, सगळ्या वाड्यांसाठी आहे.

बाकीचं असं. वाडीनं जाळरेषा काढली, बंद घरांभोवतीचं गवत कापलं, भाजावळीचं वेळापत्रक लावलं, पंप आणि चावी कुठे ते कळवलं आणि दलासाठी निदान चार धडधाकट माणसं दिली, तर त्या वाडीचं नाव आमच्या वहीत चढेल. 24 आणि 25 जानेवारीला आम्ही प्रत्येक वाडीत फिरून पट्टी पायांनी मोजू; फोनवर फोटो पाठवून काम होणार नाही. वाडीनं स्वतःचं केलं पण पंचायतीनं किंवा कार्यालयांनी आपलं केलं नाही, तर त्या वाडीच्या पट्टीवर आम्ही उभे राहू, पट्टीच्या पलीकडे आगीच्या अंगावर जाणार नाही. यादी 27 तारखेला सकाळी चावडीवर लागेल, तिची एक प्रत तहसील कार्यालयात आणि एक पोलीस ठाण्यात जाईल. ज्या वाडीचं नाव तिच्यात नसेल, तिनं बागेसाठी आमचा नंबर लावू नये. 1926 सगळ्यांना खुला आहे.